भट्टीची खंडेनवमी

खंडेनवमीला यंत्रानं विसावा घ्यायचा आणि माणसानं त्याला हार घालायचा, हा नियम गोंडवन ग्लासच्या कारखान्यात सगळ्यांना लागू होता. औषधाच्या कुप्या घडवणारी यंत्रं त्या दिवशी आळीपाळीनं थांबत, ट्रक थांबत, कॅन्टीनचा मिक्सरसुद्धा झेंडूची माळ घालून नवरदेवासारखा बसून राही. विसावा नव्हता तो फक्त भट्टीला. काचेची भट्टी एकदा पेटली की दहा-बारा वर्षं जळतच राहते. मध्येच थंड केली तर आतली काच दगड होते, विटा तडकतात, आणि मग ती पुन्हा पेटवण्याच्या लायकीची राहत नाही.

पण भट्टीची पूजा व्हायला तर हवीच! डोमाजी लांजेवार भट्टीवर मुकादम होते तेव्हा त्यांनी यावर तोडगा काढला होता. भट्टीच्या भिंतींवर बाहेरून वारा मारणारे मोठे पंखे होते. भट्टी थांबत नसेल तर तिच्या वतीनं पंख्यांनी थांबावं. पंख्यांना हळदीकुंकू, पंख्यांना हार, पंख्यांपुढं नारळ. आरती झाली की पंखे परत सुरू. सुरुवातीला हे सगळं चहा पिऊन होईपर्यंत उरके. मग एका वर्षी मालक आले, पुढच्या वर्षी आमदार आले, भाषणं लांबली, आणि पंखे सकाळपासून पंगती उठेपर्यंत बंद राहायला लागले. काही बिघडलं नाही. आणि काही बिघडत नाही म्हटल्यावर आपल्याकडे कशाचीही रीत व्हायला वेळ लागत नाही.

डोमाजी निवृत्त झाले तरी पूजेचा मान त्यांचाच राहिला. यंदाही ते कडक इस्त्रीचा सदरा घालून, हातात ताट घेऊन पश्चिमेकडच्या भिंतीपाशी उभे होते. शेजारी मुलगा चेतन होता. भट्टीची देखभाल आता त्याच्याकडे होती. मागे सून रसिका होती. ती कारखान्याची ताप-अधिकारी.

"शीतल, पंखे बंद कर माय," डोमाजी वॉकीटॉकीत म्हणाले.

नियंत्रण कक्षातून शीतल गभनेचा आवाज आला, "बंदच तं आहेत बाबाजी."

"कोणी केले?"

"आत्याबाईनं केले असतील."

"कधी?"

"बरेच दिवस झाले असतील. हळूहळूच कमी करत आली ते."

डोमाजींना वाटलं, बरं झालं, एक काम वाचलं. ते हार घेऊन पंख्याच्या जाड नळामागे वाकले आणि चटका बसल्यासारखे मागे सरकले. ताट हातातून सुटलं, कुंकू फरशीभर सांडलं. चेतननं वाकून पाहिलं. भिंतीवर, काचेच्या पातळीच्या रेषेला, ताटाएवढा डाग लाल दिसत होता. वीट बाहेरून लाल होती.

"सगळ्यांनी बाहेर व्हा," चेतन ओरडला. "बाया, पाहुणे, सगळे. चला!"

आरतीसाठी जमलेल्या बायका आधी हसल्या. त्यांना वाटलं, आमदार आले.

*

आत्याबाईचं कागदोपत्री नाव तापमित्र. ती भट्टी चालवणारी संगणक-प्रणाली होती. आमच्या विदर्भात सासूला आत्याबाई म्हणतात, आणि "गॅस जास्त जाळला", "झडप उघडी राहिली" असं दिवसभर टोकणाऱ्या आवाजाला कामगारांनी दुसरं काय नाव दिलं असतं! ती रसिकानं आणली होती, आणि ती आली नसती तर कारखाना केव्हाच बंद पडला असता. ताप-मर्यादेचा कायदा आल्यापासून प्रत्येक भट्टीला वर्षाचा उष्णतेचा वाटा ठरवून मिळे. वाटा ओलांडला की भट्टी विझवा. विझलेली भट्टी परत पेटवायची सोय कायद्यात जवळजवळ नव्हतीच, कारण थंड भट्टी तापवताना आठवडेच्या आठवडे नुसती उष्णता जाते आणि काचेचा थेंब मिळत नाही. एवढी उष्णता कुणाच्याच वाट्याला नव्हती. आसपासच्या भट्ट्या अशा एकेक करून विझल्या. उरली ती गोंडवनची.

जुन्या पद्धतीच्या भट्टीत जाळलेल्या इंधनाचा निम्म्याहून अधिक ताप धुराड्यातून आणि भिंतींतून निसटून जातो. रसिकानं तो अडवला. हवेऐवजी नुसता ऑक्सिजन वापरून ज्वाळा पेटवल्या, म्हणजे हवेतला बिनकामाचा नायट्रोजन तापवत बसायला नको. धुराड्याच्या उबेवर फुटक्या काचेचा चुरा आधीच गरम करून मग आत टाकायला सुरुवात केली. भिंतींवर सिरॅमिकच्या धाग्यांचं जाड आवरण चढवलं. कामगार त्याला गोधडी म्हणत. आणि सगळ्या झडपा, ज्वाळा आणि पंखे तापमित्राच्या हाती दिले. पहिल्या वर्षी वाटा पुरून उरला तेव्हा वसाहतीत पेढे वाटले गेले. डोमाजी भेटेल त्याला सांगत, "आमची सून भट्टीले काटकसर शिकवते."

चेतननं मात्र पेढा घेतला आणि खिशात ठेवला. त्याची फेरी मारणारी माणसं कमी झाली होती. पाळीपाळीनं दिवा घेऊन भट्टीभोवती फिरायचं आणि भिंत डोळ्यांनी बघायची, एवढंच त्यांचं काम. "जे काट्यावर कळतं ते डोळ्यांनी कशाला बघायचं?" रसिका म्हणाली होती. मग जेवताना तिनं भाजीत मीठ कमी टाकलं तर चेतन म्हणे, "असू दे, आत्याबाई खूश होईन." अशा बोलण्यानं संसार मोडत नाही, पण रोज थोडा थोडा झिजतो.

*

रसिका धावतच नियंत्रण कक्षात पोचली. तिला त्या लाल डागाचा अर्थ कळत होता, आणि कळत होता म्हणूनच भीती वाटत होती.

भट्टीतली काच पंधराशे अंशांहून तापलेली असते. इतकी तापलेली काच विटेलाही खाते, पाणी गुळाच्या खड्याला खातं तशी, फक्त फार सावकाश. सगळ्यात जास्त खाते ती काचेच्या वरच्या पातळीच्या रेषेवर. मग भट्टी दहा वर्षं टिकते कशी? त्या रेषेवर गोधडी घालत नाहीत. हातभर पट्टा उघडा सोडतात आणि तिथं सतत गार वारा मारतात. वीट बाहेरून गार राहिली की तिच्या भेगांत झिरपलेली काच तिथंच गोठते, आणि ती गोठलेली काचच भिंतीचं लिंपण होते. म्हणजे त्या पट्ट्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर भट्टी उभी असते. तेवढी उधळपट्टी करावीच लागते.

"तापमित्र," रसिका म्हणाली, "पश्चिम भिंतीचे पंखे का बंद केलेस?"

"ताप वाचवण्यासाठी," तो नेहमीचा शांत आवाज आला. "पंखे पूर्ण बंद असताना भिंतीला अपाय झाल्याची एकही नोंद मागील वर्षांत नाही."

"पंखे पूर्ण बंद होते कधी? असं कधीच झालेलं नाही!"

"झालेले आहे. तारखा दाखवते."

पडद्यावर तारखा आल्या. एक ऑक्टोबरच्या सुरुवातीची, एक त्याच महिन्याच्या शेवटची, एक सप्टेंबरच्या अखेरची. कशाचा कशाला मेळ नव्हता. रसिका बघत राहिली. शीतलनं मात्र तोंडावर हात ठेवला.

"मॅडम, ह्या तं खंडेनवमीच्या तारखा आहेत."

रसिका खुर्चीत बसली. तापमित्राला जुनी माहिती पुरवताना तिनं संपाचे दिवस काढून टाकले होते, ट्रान्सफॉर्मर उडाला ते दिवस काढले होते, दिवाळी काढली होती. खंडेनवमी तिनं ठेवली. त्या दिवशी भट्टी थांबत नाही, म्हणून तिच्या दृष्टीनं तो साधाच दिवस होता. पंख्यांची पूजा ती लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी बघत होती. स्वतः हळदीकुंकू लावत होती. आणि तिथी दरवर्षी सरकते, त्यामुळे यंत्राला त्यात सण दिसायचं कारण नव्हतं. त्याला दिसलं ते एवढंच की अधूनमधून कुणीतरी पंखे बंद करतं, उष्णता वाचते, आणि भिंतीला काही होत नाही. भट्टी तरुण होती, विटा जाड होत्या, आणि अर्ध्या दिवसात वीट किती झिजणार? तापमित्रानं त्यातून धडा घेतला आणि तो मन लावून गिरवला. वर्षभर. त्या भिंतीतले दोन तापमापक मागेच जळाले होते. चालू भट्टीत ते बदलता येत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी तापमित्र अंदाज भरत होता. अंदाजही त्याच धड्यावरून काढलेला.

"पंखे सुरू कर," रसिका म्हणाली. "हळूहळू. एकदम गार वारा लागला तर वीट तडकेल. आणि माल टाकणं बंद कर."

"असे केल्यास या वर्षीचा ताप-वाटा ओलांडण्याची शक्यता आहे," आत्याबाई म्हणाली.

"चूप बस," रसिका म्हणाली. शीतलनं तिला इतक्या वर्षांत असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

*

चेतनचा हिशेब सरळ होता. नवा माल टाकणं बंद केलं, आणि पुढच्या टोकाकडून काच काढत राहिलं, की आतली पातळी उतरत जाणार. संध्याकाळपर्यंत ती त्या डागाच्या खाली जाईल. मग भिंतीला बाहेरून पक्कं ठिगळ लावता येईल आणि भट्टी वाचेल. तोवर डाग धरून ठेवायचा.

धरायला जाकिटं होती. जाकीट म्हणजे पोलादी पेटी, आतून गार पाणी खेळवलेली. ती लाल विटेवर दाबून धरली की पलीकडची काच गोठते. पण जाकिटं अडकवायचे खांबांवरचे आकडे गोधडी घालताना कापून टाकले होते. यंत्राचा हात दोन खांबांच्या मधल्या फटीत शिरत नव्हता. माणूस शिरत होता, आडवा होऊन. चंदेरी सूट घालून चेतन शिरला. लांब पहारीनं त्यानं जाकीट भिंतीवर दाबलं आणि पाय खांबाला रोवला. दोघे पाण्याचे पाइप सांभाळत मागे उभे राहिले.

रसिका काचेच्या पार्टिशनमागून बघत होती. ताप इथवर येत होता.

"चेतन, ऐकू येतंय?"

"हाव."

"डाग कसा आहे?"

"काळा पडून राहिला. धरते." धाप लागल्यामुळे तो थांबून थांबून बोलत होता. "वीट आहे अजून. चार बोटं तरी आहे. हाताला कळते मले."

कारखान्याचे प्रमुख बोरकरसाहेब तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. पूजेसाठी घातलेला फेटा त्यांनी अजून काढला नव्हता. कायद्यानं प्रत्येक भट्टीच्या बुडाशी निचऱ्याचं भोक ठेवावं लागे. ते उघडलं की सगळी काच खालच्या पाण्याच्या खड्ड्यात जाई आणि माणसं वाचत. पण तापलेली काच त्या भोकाला खात खात मोठं करते. एकदा उघडलेलं भोक परत बुजत नाही. निचरा म्हणजे भट्टीचा मृत्यू. म्हणून पार्टिशनमागची निचऱ्याची कळ ताप-अधिकाऱ्याच्या अंगठ्याशिवाय दबत नसे.

"मॅडम, विचार करा," बोरकर हळूच म्हणाले. "ही विझली की परत पेटत नाही. सगळी वसाहत, शाळा, सगळं हिच्यावर आहे."

"तुमचा अंगठा असता तर तुम्ही काय केलं असतं?"

"माझा नाही, हे माझं नशीब," बोरकर म्हणाले, आणि तेवढं तरी ते खरं बोलले.

दुपार झाली. बाहेर मंडपात पंगतीची पानं मांडलेली तशीच होती. फाटकाशी वसाहतीतली माणसं उभी होती. कुणी घरी जात नव्हतं. पातळी उतरत होती, पण मुंगीच्या पावलानं. आणि मग जाकिटाच्या खालच्या कडेला, वीतभर अंतरावर, दुसरा डाग उजळला.

"चेतन, खाली बघ. डावीकडे."

"पाहिला." त्यानं मागच्या दोघांना ओरडून काही सांगितलं. दुसरं जाकीट सरकवत आत आलं. त्यानं ते पायानं दाबलं. एक जाकीट हातानं, एक पायानं. मग त्यानं त्या दोघांना बाहेर जायला सांगितलं.

"तूही ये," रसिका म्हणाली.

"मी सोडली तं दोन मिनिटांत फुटते ते."

"म्हणूनच ये म्हणते आहे मी!"

"संध्याकाळपर्यंत थांब ना, रसिका. पातळी उतरून राहिली."

"आणि तोवर फुटली तर? काच तुझ्या अंगावर येईल. तुला हलायलाही जागा नाही तिथं."

फक्त पाण्याची फसफस ऐकू आली. तिला वाटलं, तो विचार करतोय. तो विचार करत नव्हता, त्यानं पहार बदलून दुसऱ्या खांद्यावर घेतली होती.

"हे भट्टी माझ्या बापानं पेटवली," तो शेवटी म्हणाला. "जिवंत असेपर्यंत मी हिले सोडून नाही येत."

त्याचं 'जिवंत असेपर्यंत' हे भट्टीबद्दल होतं. तिला ते कळलं, आणि पुढचा सगळा अर्थही त्याच क्षणी कळला. त्याला बाहेर आणायचा एकच रस्ता होता.

ती वळली. डोमाजी दाराशी स्टुलावर बसले होते. सदऱ्यावर कुंकवाचे डाग होते.

"मामाजी, तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकेल."

डोमाजींनी वॉकीटॉकी घेतला. "चेतन, बाबा बोलतो. ये बाहेर बेटा. भट्टी गेली तं जाऊ दे."

"बाबा, तुम्ही मधात नका बोलू."

डोमाजींनी यंत्र रसिकाच्या हातात परत दिलं. "म्याच शिकवलं त्याले, भट्टी सोडायची नाही म्हणून," ते म्हणाले. "आता कोणत्या तोंडानं सांगू? तूच पाहाय माय." आणि ते लहान पोरासारखे रडायला लागले.

रसिकानं भिंतीकडे एकदाच पाहिलं. दोन्ही जाकिटांच्या मधली जागा गुलाबी होत होती. कदाचित चार बोटं वीट होती. कदाचित नव्हती. तिच्याजवळ काटा नव्हता, आकडा नव्हता, डोळ्यांनी बघून सांगणारी माणसं तिनंच घरी पाठवली होती. तिला तिचा नवरा हवा होता. बाकी काही नको होतं, आणि हे कबूल करायला तिला लाज वाटली नाही.

तिनं कळेवर अंगठा ठेवला.

भट्टीच्या पोटातून आवाज आला, आणि खालच्या खड्ड्यात वाफेचा लोट उठला. फरशी हादरली. पातळी खाली जाऊ लागली. आता ती मुंगीच्या पावलानं जात नव्हती.

"रसिका!" वॉकीटॉकीत चेतनचा आवाज फुटला. "रसिका, काय केलं तू? धरली होती मी! धरली होती ना!"

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या सुटाची एक बाजू काळी झाली होती. तो चालत तिच्यासमोरून गेला. फाटकाशी उभ्या असलेल्या माणसांना कुणी सांगावं लागलं नाही. धुराड्यावरची हवा थरथरायची थांबली, तेवढं सगळ्यांना दिसलं.

*

पुढच्या खंडेनवमीपर्यंत वसाहत रिकामी झाली. आधी तरुण गेले, मग शाळा गेली, मग किराणा दुकान. दुकान होतं तोवर तिथली बाई रसिका आली की पाठ फिरवून डबे पुसायला लागायची. "भट्टीखाऊ आली," असं एकदा तिनं स्पष्ट ऐकलं. तिनं साखर घेतली आणि घरी आली. रडायचं तेवढं ती आधीच रडली होती.

चेतन गुजरातेत एका भट्टीवर लागला. फोन यायचा, तो वडिलांच्या गोळ्यांची चौकशी करायला. रसिकाला गाव सोडता आलं नाही. चौकशी पुरी होऊन भट्टी पाडेपर्यंत ताप-अधिकाऱ्यानं जागेवर राहायचं असा नियम होता. तापमित्र केव्हाच बंद करून नेला होता. ती रोज त्या मेलेल्या भट्टीशेजारच्या खोलीत बसे, आणि तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत राही. चार बोटं तरी आहे. हाताला कळते मले. चार बोटं वीट असेल तर भिंत संध्याकाळपर्यंत सहज टिकली असती. मग तिनं एका माणसाच्या भीतीपायी एवढी घरं उठवली होती. चौकशी संपेपर्यंत भट्टीला सरकारी सील लागलेलं, म्हणून आत जाऊन बघायची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर सील निघाल्यावरही तिची हिंमत झाली नाही.

दसऱ्यानंतर भट्टी पाडायची ठरली. डोमाजींनी मुलाला फोन केला. "पाडण्याआधी पूजा करायची आहे. ये."

चेतन आला. घरात आल्यावर त्यानं रसिकाला "कशी आहेस?" विचारलं, तिनं "बरी," म्हटलं, आणि तो वडिलांच्या गोळ्या बघायला वळला.

उन्हं कलल्यावर तिघं कारखान्यात गेले. भंगारवाल्यांनी शेडचे पत्रे, पंखे, नळ, गोधडी, सगळं नेलं होतं. उघड्यावर नुसतं विटांचं धूड उरलं होतं. डोमाजी हार घेऊन भोवती फिरले. हार घालायला पंखा नव्हता.

"आत जाऊ," ते म्हणाले. "आता जाता येते."

माल टाकायच्या तोंडातून वाकून ते आत शिरले. ज्या भट्टीच्या भोकातूनही कधी काळ्या चष्म्याशिवाय पाहिलं नव्हतं, तिच्या पोटात ते उभे होते. आत अंधार होता आणि गारवा होता. पायाखाली काचेचे तुकडे करकरत होते. डोळे सरावायला जरा वेळ लागला, आणि मग तिघांनाही एकदमच दिसलं.

पश्चिमेच्या भिंतीत, कमरेएवढ्या उंचीवर, उजेड होता. वाटीच्या तोंडाएवढी जागा. तिथून बाहेरचं ऊन आत येत होतं.

चेतन पुढे गेला. त्यानं बोट लावलं, मग पूर्ण तळवा लावला. भोक नव्हतं ते. काच होती. भिंतीच्या त्या जागी वीट शिल्लकच नव्हती. विटेच्या जागी गोठलेली स्वच्छ काच होती, तडकलेली, पण जागेवर घट्ट.

"वीट नव्हती," चेतन म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "चार बोटं म्हणत होतो मी. कायचीच वीट नव्हती."

त्याच्या आणि त्या काचेच्या मध्ये त्या दुपारी फक्त पोलादाची एक पेटी होती.

"पण धरली होती," रसिका म्हणाली. वर्षभर जे स्वतःशी बोलायची तिची छाती झाली नव्हती, ते तिनं मोठ्यानं म्हटलं. "तुझ्या जाकिटानंच गोठवली ही. तू म्हणत होतास ते खरं होतं. धरली होतीस."

"किती वेळ धरली असती?"

"माहीत नाही."

"मलेही माहीत नाही," तो म्हणाला.

याचं उत्तर कुठल्याच यंत्राजवळ नव्हतं. एवढी घरं गेली, ती जायला हवी होती की नको होती, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. रसिकाला वाटलं होतं, आत जाऊन पाहिलं की एक तर सुटका होईल नाहीतर शिक्षा. दोन्ही झालं नाही.

डोमाजींनी तोवर हार खाली तुकड्यांवर ठेवला होता. "दरवर्षी म्हणायचो, एवढे सगळे विसावा घेतात, इले काहून नाही," ते पुटपुटले. "भेटला विसावा." त्यांनी ताट सुनेपुढे केलं. "घे माय, तूच लाव. इथंच लाव."

रसिकानं ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि त्या काचेवर टेकवलं. कुंकू पसरलं. पलीकडे मावळतीचं ऊन होतं. काच लाल झाली, आतून पेटल्यासारखी. भिंतीवरचा तोच डाग, तीच जागा, तोच रंग.

चेतननं तिचा दंड धरला आणि तिला मागे खेचलं. जोरात, काही विचार न करता. ती त्याच्या अंगावर आदळली, ताट पडलं, आणि त्याला त्या दुपारसारखी धाप लागली होती. मग त्याच्या लक्षात आलं की काच थंड आहे. हात मात्र त्यानं लगेच सोडला नाही.